दोन्ही आजार खरे

"ताई, मणक्यात गॅप आलाय," हे आपल्याकडे इतकं सर्रास सांगतात की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. माझ्याही एमआरआयमध्ये एक चकती जराशी सरकलेली दिसली. ट्रॅक्शन झालं, कमरेला पट्टा आला आणि सक्त विश्रांती. गंमत म्हणजे दुखणं विश्रांतीनेच वाढायचं. पहाटे कंबर अशी आखडायची, की कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागे. कणीक मळून, डबे भरून होईपर्यंत मात्र ती मोकळी झालेली असायची. डॉक्टर म्हणायचे, "काम करता येतंय ना? मग काही विशेष नाही."

पुढे मान, खांदे, दंड सगळंच दुखायला लागलं. झोपून उठलं तरी अंग आंबलेलं. तेव्हा फायब्रोमायल्जिया हे नाव मिळालं आणि 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला. नाव बरोबरच होतं. पण ते एकदा चिकटल्यावर कमरेकडे कुणी पाहीना. टाच दुखते म्हटलं, तरी उत्तर तेच.

उलगडा झाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डोळा लालभडक, उजेड सोसवेना. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. ड्रॉप्स लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?" कमरेच्या डॉक्टरांनी हे कधीच विचारलं नव्हतं! मग संधिवाततज्ज्ञ, एचएलए-बी27 ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आणि सेक्रोइलियाक सांध्यांचा वेगळा एमआरआय. आधीचा नुसत्या मणक्यांचा होता. सूज होती खाली, त्या सांध्यांत. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. यात हालचाल हवी, आणि मला झोपवून ठेवलं होतं.

"म्हणजे ते फायब्रो खोटंच!" घरच्यांनी निकाल लावला. स्पॉन्डिलायटिससाठी सुरू केलेल्या इंजेक्शनांनी पहाटेची आखडण गेली, रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी उतरला, खांदे मात्र ठणकतच राहिले. एका डॉक्टरांनी इंजेक्शनच बदलायला काढलं. संधिवाततज्ज्ञांनी थांबवलं. फायब्रोमायल्जियाचे 2016 चे निकष स्पष्ट सांगतात, दुसरा आजार असला म्हणून हे निदान रद्द होत नाही. एकात सांधे सुजतात, दुसऱ्यात मज्जासंस्थाच वेदनेला जास्त हळवी होते. सूज उतरवणारं महागडं इंजेक्शन तिथे काय करणार? तिथे रोजचं चालणं, वेळेवर झोप आणि रात्रीची एक गोळी.

नव्या डॉक्टरांकडे गेले की मी दोन्ही नावं सांगते. बहुतेक जण एकच लिहून घेतात.