कदूरी शाळेची हजेरी दुबईत

माझगावच्या सर एली कदूरी शाळेतून आम्ही 1966 साली एस.एस.सी. होऊन बाहेर पडलो. त्या काळी एस.एस.सी. म्हणजे अकरावी. पुढे वर्गातले बरेच जण इस्राएलला आले, काही मुंबईतच राहिले आणि एक जण आखातात गेला. सत्तावन्न वर्षांनी, मार्च 2023 मध्ये, आम्ही सहा जण त्याच्या घरी दुबईला जमलो. चौघे इस्राएलहून, दोघे मुंबईहून. आमच्या वाचकांत कदूरीचे विद्यार्थी पुष्कळ असतील, म्हणून ही हकीकत त्यांच्यासाठी.

मेळावा मुंबईला का भरवला नाही, असे काहींनी विचारले. कारण हा मित्र. तो महाडकडचा कोकणी मुसलमान. 1974 साली 'द्वारका' बोटीने तो दुबईला गेला. इस्राएलशी संबंध ठेवू नये असा तिथला 1972 चा कायदा होता. आम्हांला तिकडे जाता येत नव्हते, फोनही लागत नव्हता. आमचे पत्र आधी मुंबईला जाई. तिथे त्याचा भाऊ ते नव्या पाकिटात घालून पुढे धाडी. ऑगस्ट 2020 मध्ये फोन सुरू झाला, त्याच महिन्यात तो कायदा रद्द झाला, आणि 15 सप्टेंबरला दोन्ही देशांचा करार झाला. आता त्याला गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. तेव्हा आम्हीच गेलो. तेल अवीव काय नि मुंबई काय, दुबईला विमानाने तीन-साडेतीन तास लागतात. एवढ्याशा अंतराला आम्हांला अर्धे आयुष्य लागले.

जेवायला नारळाच्या रसातले पापलेटचे कालवण, सोलकढी आणि भात होता. मटण नाही, कोळंबी नाही. त्याच्या सूनबाईंनी सांगितले, "बाबांनी आठ दिवस आधीच बजावले होते, खवल्यांचीच मासळी आणायची." डबे उघडून एकत्र बसायच्या दिवसांत आमच्या घरचे सोवळे त्याने पाहिले होते. ते तो विसरला नव्हता.

जेवणानंतर त्याने वर्गाची हजेरी घेतली, अगदी क्रमाने, कागद न पाहता. आमची आडनावे गावांवरून पडलेली, शेवटी 'कर' असलेली, त्याचेही तसेच. नुसत्या आडनावावरून कोण कोणत्या धर्माचा ते नव्या मास्तरांना कळत नसे. हजर नसलेल्यांसाठी आम्ही उत्तर देत होतो : अश्दोद, दिमोना, ठाणे. कित्येक नावांना उत्तर एकच होते, आणि ते कोणी मोठ्याने दिले नाही.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 साली ही शाळा आपल्या मुलांसाठी काढली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. आज तिथे आपल्या समाजाची मुले जवळजवळ उरलेली नाहीत, म्हणून आपण हळहळतो. पण त्या संध्याकाळी आम्हांला वाटले, शाळेने आपल्यासाठी जे जपले ते केवळ आपल्याच लोकांपाशी नाही. आमच्या वर्गाची पुरी यादी एका मुसलमान मित्राच्या तोंडी राहिली होती.

आमच्याबरोबर आलेला नातू हिब्रू आणि इंग्रजी बोलतो, त्याची नात अरबी आणि इंग्रजी. आजोबा मंडळी मास्तरांच्या नकला करून हसत होती आणि ती दोघे एकमेकांना इंग्रजीत विचारत होती, हे कशाला हसताहेत? मराठीच्या तासाची ती गंमत त्यांना इंग्रजीत सांगून पाहिली. जमली नाही.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या घरी शाळेचा जुना ग्रुप फोटो असेल तर आजच काढा, आणि मागे रांगेप्रमाणे नावे लिहा; आपल्या समाजाची आणि इतरांचीही. सध्या ती सांगणारे आहेत. ज्याचे नाव आठवत नाही, त्यासाठी एखाद्या जुन्या सोबत्याला फोन करा. आता तो दुबईलासुद्धा लागतो.