अंदमानात केळफुलाची भाजी



फेब्रुवारीत बारा दिवस पानावर काहीच का लिहिलं नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही अंदमानला गेलो होतो. फिरायला कमी, लेकीला भेटायला जास्त. जावई पोर्ट ब्लेअरला बोटींच्या इंजिन दुरुस्तीच्या कामावर आहेत. २०२४ पासून गावाचं सरकारी नाव श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच. दोन वर्षं झाली, लेक आखाजीला माहेरी आली नाही. खान्देशात आखाजीला झोका रिकामा राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी आमच्या घरच्या म्हणाल्या, ती येत नाही तर आपण जाऊ.

बरोबर व्याही आणि विहीणबाई होते, धुळे जिल्ह्यातले, शिंदखेडा तालुका. त्यांची सहा एकर कोरडवाहू, कापसाची. भुसावळहून हावड्याची गाडी धरली. नागपूर मागे पडल्यावर व्याही हळूच म्हणाले, जमिनीला गिऱ्हाईक लागलंय, परत गेलो की इसार घ्यायचा. मी म्हटलं, एवढी घाई? तर म्हणाले, "एकुलता एक पोरगा समुद्रात जाईसन बसना. आते कोन करी?" पुढं मी काही बोललो नाही. ज्याचं वावर त्यालाच त्याचं ओझं माहीत.

कोलकात्याहून विमान, दोन-सव्वादोन तास. आमच्या घरच्यांनी कळण्याचं पीठ, शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, भरताची वांगी असं सगळं बांधून नेलं होतं. माझ्या वडिलांनी बहिणीला मुलगा होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता ते कोणी पाळत नाही, पण हिच्या मनात होतं. पीठ आपलं, वांगी आपली, म्हणजे लेकीचं खाल्लं असं होत नाही, असा तिचा हिशोब. चूल नाही, कपाशीच्या काठ्या नाहीत, तर जावयांनी अंगणात नारळाच्या करवंट्यांचे निखारे केले. काठ्यांच्या जाळाचा वास काही आला नाही, पण वांगी आतपर्यंत मऊ झाली. साडेपाचला अंधार पडतो तिथे, आपल्यापेक्षा तासभर आधी. त्यामुळे सातलाच आम्ही सात जण (व्याह्यांचा लहान भाचाही होता) भरत-भाकरीला बसलो.

जेवताना लेकीनं सांगितलं, आई, हात धुवायला बादलीतलं घे, नळाला आता परवा पाणी. व्याही हसायला लागले, म्हणाले शिंदखेड्यातच आलो म्हणा! मला खरं वाटेना. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं बेट. आपल्याकडे जळगावात ७०० च्या आसपास, शिंदखेड्यात त्याहून कमी. पण डोंगर उताराचे, समुद्र जवळ, पडलं ते वाहून गेलं. मे ते डिसेंबर पाऊस, आणि जानेवारी ते एप्रिल कोरडं. शहराला धनिखारी धरणाचं पाणी, ते उन्हाळ्यात पुरत नाही. मी यावल तालुक्यातला केळीवाला. आमच्याकडे बोअर दरवर्षी खोल जातात आणि आम्ही पावसाला बोल लावतो. आपल्या चौपट पाऊस पडूनही ड्रम भरून ठेवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

सेल्युलर जेल पाहिला. सात बाजूंच्या इमारतीपैकी तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी सगळे पाहतात, आम्हीही पाहिली. मी मात्र कोलूपाशी जास्त वेळ थांबलो. आपल्या तेलघाण्यासारखाच, फक्त बैलाच्या जागी माणूस. नारळाचं ३० पौंड तेल रोज काढायचं, म्हणजे साडेतेरा किलो. लहानपणी आमच्या गावात घाणा होता. बैल दमला की तेली त्याला सोडून सावलीत बांधायचा.

खरी गोष्ट पुढची आहे. चौथ्या दिवशी बोटीनं नील बेटावर गेलो, आता नाव शहीद द्वीप. दोन तास लागतात. व्याह्यांना समुद्र लागला, ते सगळा वेळ डोळे मिटून. तिथल्या गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीच्या वेळीच नीट पाहता येते, त्यामुळे आधी वेळ विचारून जा. सुंदर आहे. पण माझं लक्ष रस्त्याच्या कडेच्या वावरांकडे. अंदमानला भाजी पुरवणारं बेट हेच. वांगी, कारली, दोडकी, भेंडी, मधेमधे नारळ-सुपारी, आणि घरटी दोन-चार केळी.

जावयांच्या ओळखीचे एक बंगाली शेतकरी तिथे राहतात, माझ्याच वयाचे. त्यांच्याकडे दुपारचं जेवण होतं. मी माळकरी, म्हणून माझ्यासाठी वेगळं केलं होतं. भात, मसुराची डाळ आणि एक तपकिरी सुकी भाजी, वर ओलं खोबरं. दोनदा मागून घेतली. कशाची म्हणून विचारलं तर म्हणाले, मोचा. मागच्या परसात नेऊन दाखवलं तेव्हा कळलं, केळफूल!

मंडळी, तीस वर्षं मी केळी लावतोय. घड पूर्ण निसवला की केळफूल कापायचं आणि बांधावर फेकायचं, एवढंच आम्हाला माहीत. हजारो फेकली असतील. कोकणात त्याची भाजी करतात हे ऐकून होतो, खाल्ली कधी नव्हती. त्यांच्या घरच्या बाईंनी करून दाखवलं. हाताला तेल लावायचं, नाहीतर चिकानं हात काळे. लाल पाकळ्या सोडवत जायचं. आतल्या प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पातळ खवलं काढायचं, ते शिजत नाही. मग बारीक चिरून हळदीच्या पाण्यात घालायचं, उकळून घ्यायचं, बटाटा आणि खोबरं घालून परतायचं. वेळखाऊ काम आहे. पण जे फुकट फेकतो, त्याचा एवढा स्वयंपाक होतो.

घरामागे त्यांचं तळं, ते पुकुर म्हणतात. दोन पुरुष खोल असेल. प्लॅस्टिक नाही, तळाला चिकणमातीच. पावसात भरतं, त्यावर एप्रिलपर्यंत भाजी निघते. पाण्यात रोहू-कटला, वर बदकं, काठावर नारळ. भाजी बोटीनं पोर्ट ब्लेअरला जाते. वादळात बोट रद्द झाली की तोडलेला माल पडून राहतो. मी म्हटलं, आमची केळी सावदा-रावेरहून रेल्वेनं दिल्लीला जाते, वॅगन मिळाली नाही की आमचंही हेच.

बोलता बोलता कळलं, त्यांचाही मोठा मुलगा पोर्ट ब्लेअरला टॅक्सी चालवतो, शेतीत नाही. हॉटेलवाले जमिनीला मागणी घालतात, शेजारच्या दोघांनी दिली. व्याह्यांनी सरळ विचारलं, मग तुम्ही का नाही देत? ते म्हणाले, वडील पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आले, सरकारनं इथे जंगलातली जमीन दिली, ती साफ करता करता त्यांची कंबर गेली. तिकडची जमीन गेली तेव्हा कोणी भाव विचारला नव्हता. इथे विचारतात, तर थोडं थांबून बघतो. अर्धी पुतण्याला बटाईनं दिलीय, अर्धी स्वतः करतो. जमेल तोवर.

व्याही बराच वेळ तळ्याच्या काठावर उभे. मग एवढंच विचारलं, हे खोदायला किती दिवस लागले?

त्या रात्री पोर्ट ब्लेअरला जेवताना इसाराचा विषय निघाला. जावयांना तेव्हाच कळलं. रागावले नाहीत, पण ताटातली भाकरी तशीच राहिली. म्हणाले, "अण्णा, विकायची तर विका, पण मला विचारून तरी." विहीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मधे पडलो नाही.

आखाजीला लेक यंदाही आली नाही, रजा मिळाली नाही. मी मात्र शिंदखेड्याला जाऊन आलो. नाल्याकडच्या खोलगट तुकड्यात आम्ही दोघांनी टिकाव मारून पाहिला. चार फुटांखाली मुरूम लागला, म्हणजे पाणी ठरणार नाही, प्लॅस्टिक लागेलच. शेततळ्याच्या अनुदानाची चौकशी चालू आहे. गिऱ्हाइकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय, नाही म्हटलेलं नाही.

आता कृषी पदवीवाल्यांसाठी एक काम. निघताना त्या बंगाली भाऊंना आपल्या भरताच्या वांग्याचं बी दिलं होतं. उगवण चांगली झाली, लावणही झाली. परवा फोन आला, झाडं हिरवी असतानाच अचानक माना टाकतात. खोड कापून पाण्यात धरलं तर दुधासारखी धार सुटते. म्हणजे जिवाणूजन्य मर दिसते, तिकडच्या ओल्या हवेत ती फार असते म्हणे. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मर सहन करतात असं वाचलंय. आपलं भरताचं वांगं कोणी असं कलम करून पाहिलं आहे का? चव आणि फळाचा आकार बदलतो का? अनुभव असेल त्यांनी खाली लिहा, मी त्यांना हिंदीत कळवतो.