एरंडोलची मिलिटरी जीप

जळगावहून धुळ्याच्या रस्त्याला लागले की पाळधीच्या पुढे, सुमारे तीस किलोमीटरवर एरंडोल लागते. अंजनी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. भोवती कपाशीची काळी जमीन. एके काळी येथला हातकागद नावाजलेला होता. सुरत-नागपूर महामार्ग इथूनच जातो. त्याचा नंबर पूर्वी ६ होता, आता ५३ झाला आहे. महामार्ग आला की पंक्चरवाला, वेल्डर आणि कमानपाटेवाला आलाच. अशा गावात पोरांच्या हाती पाना लवकर येतो.

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब तेथे नात्यातल्या काकांकडे चार दिवस राहिलो. काका सैन्यात ड्रायव्हर होते. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्याच्या आधीपासून आणि नंतरही आपल्या माणसांनी सैन्यात नोकऱ्या केल्या. सैन्यातून परतणारा माणूस पेन्शनबरोबर हातातले कसबही घेऊन येतो. काकांच्या अंगणात निंबाखाली उंच बॉनेटची जुनी मिलिटरी जीप उभी आहे. लिलावात निघालेली, दोन हात फिरून त्यांच्याकडे आलेली. पेन्शनमधून साठवलेले पैसे त्यात घातले म्हणून काकू अजून अधूनमधून बोलतात.

ही जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी अशा सहा लाखांवर गाड्या बनवल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत सुटे भाग जोडून त्या तयार करायला सुरुवात केली. पुढे १९६९ पासून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात जोंगा ही तिच्याहून मोठी गाडी सैन्यासाठी बनू लागली. या साऱ्या गाड्यांचा गुण एकच. भाग उघडे, बोल्ट हाताला लागणारे आणि यंत्र डोळ्यांना समजणारे. म्हणूनच त्यांची बरीच दुरुस्ती घरी होऊ शकते.

काकांची दोन्ही मुले महामार्गावरच्या गॅरेजात कामाला जातात. पण घरच्या जीपवर हुकूम काकांचाच. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पहिल्या दिवशी त्यांनी ती काढून लांब नेऊन ठेवली आणि काकूंना चूल घराच्या मागे हलवायला लावली. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, वेल्डिंगची एक ठिणगी पडली तरी स्फोट होतो. त्यामुळे टाकी घरी जोडायचीच नाही, असा त्यांचा दंडक.

मग प्लग काढून तारेच्या ब्रशने घासले. फिलर गेज लावून प्लगची फट पाऊण मिलिमीटर आणि पॉइंटची अर्धा मिलिमीटर ठेवली. वायरी १-३-४-२ या क्रमाने लावल्या. कार्बोरेटर धुतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी परत बसवून काकांनी हँडल मारले. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि खालून वर ओढायचे. मुठीत गच्च धरले आणि इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडले आणि गल्लीतली सारी पोरे टाळ्या पिटू लागली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते आपोआप बंद पडले. खानदेशचा उन्हाळाच तसा. पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ झाली होती. काकांनी पेट्रोलपंपावर ओले फडके टाकले, थोड्या वेळाने इंजिन परत चालू झाले.

आता मुलांना घाई झाली. चौथ्या दिवशी शेजारच्या गावात नात्यातले लग्न होते. दहा-बारा माणसे जीपमध्ये घालून जाऊ, असा त्यांचा बेत. ब्रेकचे विचारले तर थोरला म्हणाला, "व्हई जाई, बाबा."

काकांनी काही न बोलता जॅक लावला, कण्याखाली घोडी ठेवली, दुसऱ्या चाकांना दगड लावले आणि मागचे चाक काढले. व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर ऑईलने भिजला होता. या जुन्या जीपला ब्रेकची एकच लाईन असते. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जाऊ शकतो.

"इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते," काका म्हणाले. "ब्रेक गेला तर ती उभी राहत नाही. लेकराबाळांना यात बसवायचं नाही."

धाकटा रुसला. लग्नाला आम्ही सगळे एस.टी.ने गेलो. काकाही आमच्याबरोबर उभ्याने आले.

परतल्यावर संध्याकाळी काम सुरू झाले. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. लायनर रिव्हेट करणे आणि ड्रम लेथवर घासणे ही कामे वर्कशॉपलाच दिली. नवे सिलिंडर बसले की हवा मात्र घरीच काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. पॅडलवर सूनबाई बसणार, चाकापाशी थोरला. "दाब", "धर", "सोड" एवढीच भाषा. नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच करायचे. निघालेले ऑईल परत वापरायचे नाही. आम्ही निघालो तेव्हा काका दोघांना हे अंगणात समजावून सांगत होते. रुसलेला धाकटा बाटली धरून उभा होता.

अशी गाडी घेणाऱ्यांसाठी काकांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या. चारही चाकांची ताकद चिखलात किंवा वाळूतच लावावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर लावली तर गिअरवर ताण येतो. घेण्याआधी लिलावाचे कागद पाहावेत आणि चेसिस नंबर स्वतः वाचून ताडावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन टाकायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. खासगी नोंदणीच्या जीपमध्ये भाड्याने माणसे भरली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई घरावर येते.

कष्टाच्या पैशाची गाडी दारात उभी राहिली की मुलांना दम धरवत नाही, ते साहजिकच आहे. प्लग, कार्बोरेटर, ग्रीस, पत्रा, रंग ही कामे मुलामुलींना बरोबर घेऊन घरी जरूर करावीत. त्यातून कसब येते आणि पैसाही वाचतो. पण ब्रेक आणि स्टिअरिंग जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय घरातल्या कोणालाही गाडीत बसू देऊ नये.