हरताळ कोणत्या खात्यातून?

‘तत्त्वाला हरताळ फासला’ असे आपण सर्रास लिहितो. बंदच्या हरताळाशी या हरताळाचे नाते नाही. पोथीतल्या चुकलेल्या अक्षरांवर लेखनिक पिवळ्या हरताळाचा लेप देई आणि त्यावर पुन्हा लिही. वाक्प्रचार आला तो तिथून. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. एका सहकाऱ्याच्या घरातली पोथी अभ्यासाला घेतली तेव्हा मात्र एका विद्यार्थिनीने विचारले, “हा पिवळा डाग हरताळाचाच, हे कशावरून?”

प्रश्न फिजूल नव्हता. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. तो कोणत्याही शतकातला असू शकतो. पण डाग क्रोम पिवळ्याचा, म्हणजे शिसे आणि क्रोमियम असलेल्या रंगाचा निघाला, तर ती दुरुस्ती एकोणिसाव्या शतकाच्या आधीची असणे शक्य नाही. पाठ कोणाचा धरायचा, हे त्या डागावर ठरणार होते.

आम्ही विद्यापीठाच्या सामाईक उपकरण केंद्रात गेलो. अर्जात विचारले होते : नमुना चूर्ण की द्रव? किती मिलिग्रॅम? पोथीचे चूर्ण करायचे नाही, एवढे आम्हाला निश्चित ठाऊक होते. यंत्र चालवणाऱ्या कंत्राटी तंत्रज्ञाने अर्ज बाजूला ठेवला आणि पोथी मागितली. क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राला कागद खरवडावा लागत नाही. पडद्यावर शिखर उमटताच संगणकाने ‘आर्सेनिक’ लिहिले. तो म्हणाला, “थांबा सर, शिसेही इथेच दिसते.” दोघांची मुख्य शिखरे साडेदहा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जवळजवळ एकमेकांवर पडतात, निवाडा करायला प्रत्येकाचे दुसरे शिखर शोधावे लागते. पाठभेद ताडून पाहणे याहून वेगळे काय असते? चार डाग हरताळाचे ठरले. पाचव्यात शिसे होते आणि क्रोमियमही.

सामाईक उपकरणांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकातच प्रादेशिक केंद्रे काढली. त्या परंपरेतली, ‘सैफ’ नावाने ओळखली जाणारी केंद्रे आज पवईच्या आयआयटीत आहेत, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहेत. २०२० पासून आय-स्टेम या संकेतस्थळावर देशभरची उपकरणे शोधता येतात. यंत्राच्या खरेदीला पैसा मिळतो, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. देखभालीच्या वार्षिक कराराचे, द्रवरूप हेलियमचे, तंत्रज्ञाच्या पगाराचे उद्घाटन कोण करणार? आणि बाहेरच्या शाखेतून येणाऱ्याचे शुल्क कोणी द्यायचे, हा विचार आंतरविद्याशाखीयतेवरच्या आमच्या स्वतःच्या भाषणांतही कधी आलेला नव्हता.

बिल फार मोठे नव्हते. पण मराठी विभागाच्या अंदाजपत्रकात पुस्तके, चर्चासत्रे आणि किरकोळ खर्च एवढीच खाती. आम्ही ते किरकोळात घातले. लेखापरीक्षकांनी शेरा मारला : ‘भाषा विभागास रासायनिक तपासणीचे प्रयोजन काय?’ उत्तर म्हणून आम्ही दोन पानांचे टिपण दिले; त्यात हरताळाची व्युत्पत्तीही होती.

टिपण मंजूर होण्यास सात महिने गेले. उरलेली पाने घेऊन आम्ही केंद्रात पुन्हा गेलो तेव्हा यंत्र उत्तम स्थितीत होते, त्यावर स्वच्छ आच्छादन होते. त्या तंत्रज्ञाचे कंत्राट मार्चअखेर संपले होते, आणि त्याच्या जागी कोणी नेमलेले नव्हते.