वेग आणि भरवसा
प्रक्षेपक यानांसाठी मोहालीत घडवलेल्या ‘विक्रम ३२०१’ प्रोसेसरविषयी वाचले आणि बंगळुरूतील माझे संशोधनाचे दिवस आठवले. माझ्या संगणकात २०११ सालचा कोअर आय-५ २५००के होता; मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. त्याचा गुणक खुला होता, परंतु एच-६१ मदरबोर्ड तो वाढवू देत नसे. प्रबंधाची मुदत जवळ आली, तेव्हा एस. पी. रोडवरून वापरलेला झेड-७७ बोर्ड आणला. व्होल्टेज वाढवून वेग ४.६ वर नेला. वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे उष्णता वाढलीच. खरे संकट निराळे होते. तीच आकडेमोड दोनदा केली, तर उत्तरे जुळेनात. मी ४.० वर उतरलो आणि महिनाभराची गणिते पुन्हा केली. मुदत हुकली, आकडे मात्र खरे निघाले. यानातील प्रोसेसरकडूनही आपण वेगाआधी हाच भरवसा मागतो.