खिडकीतला शंख

वैशाखरे हे मुरबाड तालुक्यातले, माळशेज घाटाच्या पायथ्याचे गाव. कोकणातून नाणेघाट चढणाऱ्यांची वाट इथूनच निघते. या परिसरात मी अनेक वर्षे दवाखाना चालवतो. ‘घरात बसून राहू नका, रोज थोडे चाला,’ हा सल्ला वयस्कर रुग्णांना दिवसातून कितीदा देतो, याची गणती नाही. तो सल्ला मी माझ्या आईला मात्र दिला नाही, त्याची ही हकिकत.

दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात आई मागील दारी पाय घसरून पडली. वय ८२. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड उत्तम जुळले. पण आई खाट सोडीना. पडण्याचे भय हाडापेक्षा उशिरा भरून येते, हे मला ठाऊक होते. तरीही एका सकाळी तिने उंबऱ्याकडे पाऊल टाकले तेव्हा मीच ओरडलो, “आई, बाहेर जाऊ नकोस, पुन्हा पडशील!” ती मुकाट्याने परतली. जेवण, पाणी, औषधे सारे खाटेपाशी पोहोचवून मी समाधानात राहिलो. वैशाख उजाडेपर्यंत तिच्या मांड्या सुकल्या आणि खुर्चीतून उठायलाही आधार लागू लागला. स्नायू वापरले नाहीत की झिजतात आणि झिजलेले पायच माणसाला पुन्हा पाडतात. पडू नये म्हणून बसवलेल्या माणसाच्या पडण्याचीच मी तयारी करत होतो.

मे महिन्यात ठाकरवाडीवर रुग्ण पाहून परतताना शेताच्या बांधावर गोगलगायीचा एक शंख दिसला. रिकामा समजून मी तो आईसाठी आणला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. “तोंड बंद आहे रे हिचं,” ती म्हणाली. तोंडाशी कागदासारखा पातळ पापुद्रा होता. मी म्हणालो, “चिखल वाळला असेल.” शंख खिडकीत राहिला.

मृगाच्या पहिल्या सरीचे तुषार खिडकीतून आत आले, त्या संध्याकाळी आईने मोठ्याने हाक मारली. कित्येक दिवसांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. धावत गेलो. शंख वीतभर सरकला होता आणि मागे ओली रेघ चकाकत होती. उन्हाळ्यात गोगलगाय आपल्याच चिकट द्रवाचा पडदा तोंडावर वाळवून आत निजते आणि ओलावा मिळताच जागी होते. ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली इजिप्तची एक गोगलगाय मृत समजून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. १८५० साली कोमट पाण्यात ठेवताच ती चालू लागली. हे मी आईला सांगितले तेव्हा ती हसली. “गोगलगाय अन् पोटात पाय! हिला अंगणात सोडायला हवं. मी येते.”

नको म्हणायला उघडलेले तोंड मी मिटून घेतले. एका हाती काठी, दुसऱ्या हाती माझा दंड धरून ती तुळशीवृंदावनापर्यंत आली. “सोडण्याआधी फोटो काढ, पुण्याला नातीला पाठवू,” ती म्हणाली. मी फोन तिच्याच हाती दिला. छायाचित्र अगदी अस्पष्ट आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा प्रयत्न करायचा होता, म्हणून ती पुन्हा अंगणात आली.

तेव्हापासून रिकामे शंख, सागाची जाळीदार पाने, पक्ष्यांची पिसे, सावरीची बोंडे यांची छायाचित्रे जमत गेली. टोक वर धरले की बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडेच येते, हे तिनेच मला दाखवले. देवघरातल्या दक्षिणावर्ती शंखाचे मोल अशा नेहमीच्या वळणाच्या उलट वळणामुळेच असते. शंखाच्या टोकाचा इवलासा वेढा सर्वांत जुना. तो गोगलगायीच्या बालपणाचा, हे कळल्यावर तिने एक शंख बराच वेळ हातात धरून ठेवला.

घरातील ज्येष्ठांना हा छंद लावायचा असेल, तर काही पथ्ये सांगतो. वस्तू वेचण्यासाठी त्यांनी वाकू नये. घरातल्यांनी ती ताटलीत घालून टेबलावर ठेवावी. खुर्चीत बसून, दोन्ही कोपरे टेकवून छायाचित्र घ्यावे. बहुतेक फोनांत आवाजाचे बटण दाबूनही ते निघते, त्यामुळे थरथर कमी होते. ऊन सकाळचे, बाजूने येणारे असावे. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवावे. जिवंत गोगलगाय उघड्या हाताने हाताळू नये. काही गोगलगायींत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या कृमीच्या अळ्या असतात. आम्ही ही दक्षता तेव्हा घेतली नव्हती, आता घेतो. रिकामा शंख हाताळल्यावरही साबणाने हात धुवावेत. पाचोळ्यात वा दगडाखाली हात घालू नये, तिथे विंचू वा फुरसे असू शकते. अंगणात शेवाळ असेल त्या दिवशी खिडकीवर समाधान मानावे. आणि उभे राहताच चक्कर येत असेल, तर छंदाआधी डॉक्टरांना भेटावे.

आई अजूनही काठीनेच चालते आणि फाटकापलीकडे जात नाही. गेल्या श्रावणात ती एकदा अडखळली, तेव्हा माझा आवाज पुन्हा चढला. खुर्चीत टेकत ती शांतपणे म्हणाली, “पडेन म्हणून आधीच निजून राहू का रे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तिच्या पायातल्या चपला बदलून घट्ट पट्ट्यांच्या आणल्या, अंगणाच्या पायरीला कठडा बसवला.

आता दवाखान्यात कुणी वृद्ध आईवडिलांना घेऊन आले, की ‘चाला’ म्हणण्याआधी मी त्यांना विचारतो, “तुमच्या दारापुढे पाहण्यासारखे काय आहे?”