मावा पानाखाली असतो

गेल्या वर्षी तीन महिने ह्यूस्टनला मुलाकडे राहून आले. त्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी आहे. तीत मासे थोडे, जिवंत प्रवाळच जास्त. (आपल्या देशात असं प्रवाळ घरी ठेवता येत नाही, वन्यजीव कायदा आड येतो.) त्यातलं बशीसारखं पसरलेलं केशरी माँटिपोरा त्यानं बोटभर तुकड्यापासून सहा वर्षं वाढवलेलं. तेच पांढरं पडत चाललं होतं.

मुलगा रोज पाणी तपासायचा, दिव्यांच्या वेळा बदलायचा, चिडचिड करायचा. मला त्यातलं काय कळणार? पण टिळकवाडीच्या अंगणात चाळीस वर्षं गुलाब लावलेत. मावा पानाखाली असतो. रात्री टाकीचे दिवे मालवल्यावर सुनेला म्हटलं, टॉर्च आण. आमची सून धारवाडची. तिनं बशीच्या खालून उजेड टाकला आणि ओरडलीच, "अत्ती, हुळ अदाव नोड्री!"

तांदळाच्या कणीएवढे पांढरे जीव, पाठीवर झालरीसारखे तंतू. शंख नसलेल्या गोगलगायीच म्हणा. त्या माँटिपोराचं मांस खातात आणि मागे पांढरा सांगाडा उरतो. दुसऱ्या दिवशी मुलानं बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात आयोडीनचं औषध मिसळलं, प्रवाळ बुडवून हलवलं. किडे गळून पडले. पण अंड्यांना औषध लागत नाही! ती खाचाखोचांत चिकटलेली. मी जुना टूथब्रश घेऊन तांदूळ निवडायला बसावं तशी बसले. पुढे दर आठवड्याला तेच, कारण नजरेतून सुटलेली अंडी फुटतातच.

आले कुठून? नवा तुकडा आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा, हा मुलाचा नियम. सुनेनं त्याच्या वाढदिवसाला आणलेला जांभळा तुकडा मात्र त्याच संध्याकाळी आत गेला होता.

"तो तुकडा..." एवढं म्हणून मुलगा थांबला. सून खाली बघू लागली.

"टाकीत सोडला कुणी?" मी विचारलं.

"मीच."

निम्मं माँटिपोरा वाचलं. परवा सुनेनं फोटो पाठवला, तर कडेला पुन्हा पांढरी रेघ! छातीत धस्स झालं. मुलगा म्हणाला, "आई, सारखी बारीक रेघ आहे ना, ती वाढीची. किडा खातो तेव्हा वेडेवाकडे डाग पडतात."

"ते खरं रे. पण खालून पाहिलंस का?"